नेमकी ओळ शोधायची तर तिचा कोणता तुकडा द्यायचा?

विचारलेला प्रश्न असा आहे: शाळेच्या स्मरणिकेतली अवतरणे तपासायची आहेत. ‘जे का रंजले गांजले’ यासारखी ओळ गुगलमध्ये अवतरणचिन्हांत टाकली, तर कधी भरपूर पाने येतात, कधी ‘काही आढळले नाही’ असे उत्तर मिळते. पूर्ण कडवे टाकले की हाती काहीच लागत नाही. एका शासन निर्णयातले वाक्य तर समोर कागदावर छापलेले आहे, तरी ते सापडत नाही. मग नेमके शब्द, त्याच क्रमाने, शोधायचे कसे?

मुद्रितशोधन आणि संदर्भ तपासणे हेच माझे काम असल्यामुळे हा प्रश्न रोज समोर येतो. उत्तराचा गाभा आधी सांगतो. पूर्ण ओळ देऊ नका. ओळीतला दोन ते चार शब्दांचा असा तुकडा काढा, जो कोणीही, कोणत्याही कळफलकावर, कोणत्याही काळात टाइप केला तरी तसाच टाइप झाला असता. तोच तुकडा दुहेरी अवतरणचिन्हांत द्या. असा तुकडा ओळखता येणे ही मराठीतल्या शोधाची खरी कसोटी आहे. इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये ती सांगितलेली नसते, कारण तिथे तिची एवढी गरज पडत नाही.

शोधयंत्र आपण विचारतो त्या क्षणी जगभरची पाने वाचायला जात नाही. पाने त्याने आधीच वाचून ठेवलेली असतात आणि त्यांतून पुस्तकाच्या शेवटी असते तशी एक प्रचंड शब्दसूची बनवलेली असते. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, एवढेच नव्हे तर त्या पानावर कितव्या जागी आहे, हेही त्या सूचीत असते. गुगलच्या संस्थापकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातच ही रचना दिली आहे: शब्दाच्या प्रत्येक उपस्थितीसाठी दोन बाइटची नोंद आणि त्यात त्याचे स्थान. अवतरणचिन्हे दिली की यंत्र पाहते की हे शब्द एकाच पानावर, याच क्रमाने, एकमेकांना लागून आहेत का. तत्त्व इतके सरळ आहे. आपली अडचण ‘शब्द’ म्हणजे काय इथे सुरू होते. वाचकाला ओळ दिसते, अर्थ दिसतो. यंत्राला दिसते ती दोन मोकळ्या जागांमधली संकेतांकांची, म्हणजे अक्षरांसाठी ठरवलेल्या क्रमांकांची, रांग. त्या रांगेत एक अनुस्वार कमी-जास्त झाला तरी त्याच्या लेखी तो वेगळा शब्द ठरू शकतो.

आता अवतरणचिन्हांबद्दल दोन गोष्टी. मराठी छपाईत आपण एकेरी चिन्हे सर्रास वापरतो, त्यामुळे शोधतानाही हात तिकडेच जातो. एकेरी चिन्हांनी नेमका शोध होत नाही, दुहेरीच लागतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. नेमका तुकडा सापडला नाही, तर गुगल तसे एका ओळीत सांगते आणि लगेच खाली चिन्हे काढून टाकलेल्या शोधाचे निकाल मांडते. घाईत वरची ओळ वाचली जात नाही आणि खालची पाने आपल्याच तुकड्याची आहेत असे वाटते. ‘अवतरणचिन्हे दिली तरी भलतेच येते’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून आलेली असते. म्हणून निकालांवर नजर टाकण्याआधी ती ओळ आहे की नाही हे पाहण्याची सवय लावून घ्या.

तुमच्याच अभंगावर काम करून पाहू. संत तुकारामांचा हा अभंग इतक्या ठिकाणी टाइप झालेला आहे की अडचणीचे सगळे नमुने त्यात मिळतात. पहिला शब्द कुठे ‘जे’ आहे, कुठे ‘जें’. दुसरा ‘का’ किंवा ‘कां’. पुढे ‘त्यासी’, ‘त्यासि’, ‘त्यांसी’. ‘आपुले’ आणि ‘आपुलें’. ‘म्हणे’च्या जागी जुन्या छपाईच्या वळणाने ‘ह्मणे’, आणि हे रूप जालावरच्या गाथेच्या प्रतींत मोठ्या संख्येने उतरलेले आहे. ‘तोचि साधू’ कुठे ‘तोचि साधु’ आहे, तर कुठे ‘तो चि साधु’. हा शेवटचा फरक डोळ्याला किरकोळ वाटतो, पण मधली जागा आली की यंत्रासाठी एका शब्दाचे दोन शब्द झाले आणि पुढच्या सगळ्यांची स्थाने सरकली. पूर्ण कडवे अवतरणचिन्हांत दिले की या सगळ्या पर्यायांतली तुमची एकच जुळणी जिथे तंतोतंत आहे तेवढीच पाने येणार. ती कदाचित एखाददुसरी असतील, कदाचित एकही नसेल.

याच ओळीत ‘रंजले गांजले’ पाहा. दोन्ही शब्दांवरचे अनुस्वार उच्चारलेले आहेत, त्यामुळे ते गाळण्याची शक्यता कमी. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न नाही. जोडाक्षर नाही. शब्द दुर्मीळ आहेत, म्हणजे भलती पाने येणार नाहीत. शोधायचा तो हा तुकडा. धोका एकच उरतो, तो शेवटच्या ‘ले’वर जुन्या पद्धतीचा अनुस्वार असण्याचा. त्यासाठी दुसरा शोध ‘रंजलें गांजलें’ असा करायचा. दोन्ही रूपे एकदमही देता येतात: पहिले रूप अवतरणचिन्हांत, मग रोमन मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ हा इंग्रजी शब्द, मग दुसरे रूप अवतरणचिन्हांत.

तुकडा फार सामान्य निघाला, तर तो लांबवू नका. त्याच ओळीच्या आसपासचा दुसरा छोटा तुकडा वेगळ्या अवतरणचिन्हांत जोडा. "रंजले गांजले" आणि त्यापुढे "ओळखावा देव" असे दोन तुकडे दिले की दोन्ही ज्या पानावर आहेत ती पाने मिळतात आणि मधल्या शब्दांच्या शुद्धलेखनाशी आपला संबंध उरत नाही. मधला एखादाच शब्द संशयास्पद असेल तर त्याच्या जागी तारांकन ठेवा: "जे * रंजले गांजले". ‘का’ असो वा ‘कां’, तारांकन दोन्हींना जागा देते. लांबीला गुगलची मर्यादाही आहे: एका शोधात ३२ शब्दांपर्यंतच विचार होतो, पुढचे गळतात. मराठीत त्या मर्यादेपर्यंत जायची वेळच येऊ देऊ नये.

अनुस्वारांचा हा गोंधळ कुठून आला ते लक्षात ठेवले तर जुना मजकूर शोधणे पुष्कळ सोपे होते. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना १९६२ साली शासनमान्यता मिळाली आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्याआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’, ‘आंत’ हेच प्रमाण होते. जुने पुस्तक कोणी जसेच्या तसे टाइप केले, तर हे अनुस्वार राहतात. कोणी ‘सुधारून’ टाइप केले, तर जातात. म्हणून १९६२ पूर्वीच्या कोणत्याही गद्यातले वाक्य शोधताना ‘नाही’, ‘काही’, ‘केले’ हे शब्द तुकड्यात घेऊच नका. विशेषनाम, संस्कृत तत्सम शब्द, किंवा उच्चारित अनुस्वाराचा ठसठशीत देशी शब्द घ्या.

यापेक्षा अवघड फरक डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संकेतांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे जोडणीचे एक अदृश्य चिन्ह: ‘दुसर्‍या’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आतले संकेतांक वेगळे. ‘ॲ’चेही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी, आणि कळफलकाच्या सवयीने त्यानंतरही, ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन ‘अॅ’ लिहिले गेले, तर कोणी हिंदी कळफलकावरचा ‘ऍ’ वापरला. तिसरा नमुना विसर्गाचा. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘निःशब्द’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम (:) टाइप केलेला हरघडी दिसतो. यंत्राने तो विरामचिन्ह समजून वगळला की ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन तुकडे उरतात. दंडाच्या जागी कळफलकावरची उभी रेघ हाही असाच प्रकार, पण विरामचिन्हे शोधात बहुधा धरली जात नाहीत, त्यामुळे त्याचा त्रास कमी.

यांतले काही भेद शोधयंत्रे स्वतःहून मिटवतात. तरी त्यावर विसंबून राहू नका. तुकडा निवडताना ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्य’, ‘ॲ’, विसर्ग, सुटे-जोड लिहिले जाणारे ‘साठी’, ‘मध्ये’, ‘प्रमाणे’, आणि शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व इकार-उकार एवढे टाळले, तर बहुतेक अडथळे आधीच दूर होतात. आकड्यांबाबतही सावध राहा: ‘१९६२’ देवनागरीत आणि रोमन आकड्यांत, असे दोन वेगळे शोध करावेत.

एकाच शब्दाभोवती अवतरणचिन्हे देण्याचाही उपयोग आहे आणि तो फार थोडे लोक करतात. चिन्हे नसली की यंत्र आपला शब्द ‘दुरुस्त’ करते किंवा जवळचा शब्द घेते. पूर्वी शब्दाआधी अधिकचे चिन्ह दिले की तो शब्द सक्तीने धरला जाई. गुगलने ती सोय २०११ मध्ये काढली आणि तेच काम दुहेरी अवतरणचिन्हांकडे दिले. त्याच वर्षी ‘व्हर्बॅटिम’ हा पर्याय आला. संगणकावर निकालांच्या वर ‘टूल्स’ उघडले की ‘ऑल रिझल्ट्स’च्या खाली तो मिळतो. तो निवडला की समानार्थी शब्द आणि दुरुस्त्या थांबतात. अवतरणचिन्हे आणि व्हर्बॅटिम ही दोन कामे वेगळी आहेत: पहिले क्रम आणि शेजार पाहते, दुसरे फक्त शब्द बदलू देत नाही. ओळ अर्धवट आठवत असेल, क्रमाची खात्री नसेल, तर अवतरणचिन्हे न देता व्हर्बॅटिम वापरा.

देवनागरीचा आणखी एक ताप आहे. लिपी हिंदी, नेपाळी, संस्कृत यांच्याबरोबर सामाईक असल्यामुळे तत्सम शब्दांचा तुकडा दिला की हिंदी पाने लोटतात. गद्य मजकूर शोधत असाल तर तुकड्याशेजारी "आहे" किंवा "आणि" वेगळ्या अवतरणचिन्हांत द्या. जवळजवळ प्रत्येक मराठी पानावर हे शब्द असतात, हिंदीत ते या अर्थाने नसतात, त्यामुळे चाळणी चांगली लागते. विशिष्ट स्थळापुरता शोध घ्यायचा असेल तर रोमन लिपीत ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम आणि जागा न सोडता स्थळाचा पत्ता. संतवाङ्मयासाठी मी पहिल्यांदा मराठी विकिस्रोतावर, म्हणजे जुन्या ग्रंथांच्या मुक्त संग्रहावर, असा मर्यादित शोध घेतो, शब्दांच्या जुन्या रूपांसाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांच्या कोशांत जातो. या कोशांचा स्वतःचा शोध आहे, तो तिथे जाऊनच वापरावा.

पाने मिळाल्यावर काय करायचे? गुगल दाखवते तो निकालांचा आकडा अंदाजे असतो. तो कशाचाही पुरावा मानू नका. पान उघडा आणि कंट्रोल-एफ करून तुकडा पानावर खरोखर आहे का ते पाहा. नसेल, तर तो चित्राच्या मागच्या वर्णनात, पानाच्या अदृश्य माहितीत असू शकतो, किंवा यंत्राने वाचल्यानंतर पान बदललेले असू शकते. पूर्वी अशा वेळी गुगलने जपलेली प्रत उघडता येई. २०२४ मध्ये ती सोय बंद झाली. आता इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये त्या पानाचा पत्ता देऊन जुनी प्रत पाहायची.

शासन निर्णयाच्या वाक्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे शुद्धलेखनापेक्षा कागद कसा तयार झाला हे पाहावे लागते. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप होत असे. या फॉन्टांत अक्षरांचे चित्र देवनागरी असते, पण आतले संकेतांक रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे. अशा पीडीएफमधले वाक्य कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग मिळेल. यंत्रालाही तेच दिसते. त्यामुळे तुमचे देवनागरी वाक्य त्या कागदाशी कधीच जुळणार नाही. वर्तमानपत्रांच्या जुन्या संकेतस्थळांचेही असेच झालेले आहे. शोधात न येणाऱ्या कितीतरी मराठी बातम्या अशा फॉन्टांत अडकून आहेत, आणि मला याचे मनापासून वाईट वाटते. युनिकोडमधल्या पीडीएफमध्येही मजकूर बाहेर काढताना पहिली वेलांटी पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकणे, रफार हरवणे हे नेहमीचे. अशा कागदासाठी तुकडा निवडताना पहिली वेलांटी आणि रफार असलेले शब्द वगळा. ‘निर्णय’, ‘विभाग’, ‘कार्यवाही’ हे शब्द तर लगेच सुचतात, पण ते इथे घातक. ‘अनुदान’, ‘महसूल’, ‘पदे’ असे सुटसुटीत शब्द टिकतात.

सुदैवाने शासन निर्णयासाठी याहून चांगली वाट आहे. अलीकडच्या प्रत्येक निर्णयाच्या शेवटी, तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे, असे वाक्य असते. तो १८ अंकी संकेतांक म्हणजे त्या निर्णयाची ओळख. त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस दाखवतात. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर संकेतांकाने थेट शोध घेता येतो. तो ठाऊक नसेल तर विभाग आणि तारखेची मर्यादा देऊन यादी काढा. वाक्य शोधत बसण्यापेक्षा हे केव्हाही लवकर होते.

स्कॅन केलेल्या पुस्तकांत आणखी एक थर येतो, चित्रावरून अक्षरे ओळखणाऱ्या ओसीआरचा. इंटरनेट अर्काइव्हवर कित्येक जुन्या मराठी पुस्तकांच्या नोंदीत ‘या भाषेचे ओसीआर सध्या होऊ शकत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी शेरा असे. त्या पुस्तकांचा आतला मजकूर शोधात येतच नाही. नंतर केलेल्या ओसीआरमध्ये मजकूर मिळतो, पण घ-ध, भ-म, ब-व, थ-य, ष-प या जोड्यांत गल्लत होते. फिकट छपाईत अनुस्वार आणि मात्रा उडतात. गुगल बुक्समध्येही अवतरणचिन्हांचा शोध चालतो आणि जुन्या मराठीसाठी तो फार उपयोगी आहे. फक्त तुकड्यात या जोड्यांतली अक्षरे शक्य तितकी कमी ठेवा. पुस्तक माहीत आहे, पान सापडत नाही, अशा वेळी मी मुद्दाम चुकीचे रूप देऊन पाहतो: ‘धर’साठी ‘घर’, ‘भाव’साठी ‘माव’. ते अनेकदा लागते. वर्तमानपत्रांचे ई-पेपर बहुतेक चित्ररूपात असतात, तिथे हा उपायही चालत नाही. तारीख माहीत करून घेऊन अंक उलटावा लागतो.

परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी केलेल्या भजन-आरत्यांच्या अनेक पानांवर मजकूर फक्त रोमन लिपीत असतो. तिथे प्रत्येकाचे स्पेलिंग निराळे, म्हणून रोमनमध्ये अवतरणचिन्हे काढून, सगळ्यांत ठळक दोन शब्द वेगवेगळ्या स्पेलिंगनी द्यावेत.

स्मरणिकेच्या दृष्टीने शेवटचा मुद्दा. ओळ शंभर पानांवर सापडली म्हणजे तिला शंभर आधार मिळाले असे होत नाही. पाने एकमेकांवरून उतरवलेली असतात, आणि एकच टंकनदोष सगळीकडे तसाच दिसला की ती एकाच प्रतीची लेकरे आहेत हे कळते. ‘ह्मणे’ किंवा सुटा ‘चि’ यांचा इथे उलटा उपयोग होतो: ज्या पानांवर तोच विचित्रपणा त्याच जागी आहे, ती एकच साक्ष म्हणून मोजा. तारखेची मर्यादा घालून सर्वांत जुने पान शोधण्याचा मोह होतो. गुगलला दिसणारी तारीख पानावरच्या कुठल्याही आकड्यावरून घेतलेली असू शकते, म्हणून तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. एखाद्या लोकप्रिय लेखकाच्या नावावर फिरणारे वाक्य फक्त शुभेच्छांच्या चित्रांवर आणि सुविचारांच्या याद्यांत सापडत असेल, एकाही पुस्तकाच्या किंवा लेखाच्या नावासह सापडत नसेल, तर ते त्या लेखकाच्या नावाने छापू नये. नाव गाळून छापण्यापेक्षा वाक्यच गाळावे असे माझे मत आहे, कारण मुले स्मरणिका जपून ठेवतात आणि पुढे तिच्यातूनच उद्धृत करतात.

अभंगासाठी तुम्ही एवढे करा: "रंजले गांजले" या तुकड्याने विकिस्रोतावरचा पाठ काढा, त्यावरून शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयातल्या छापील गाथेत अभंग शोधा, आणि छापताना त्या गाथेतला पाठ अनुस्वारांसकट तसाच घ्या. खाली गाथेच्या आवृत्तीचे नाव आणि अभंगाचा क्रमांक द्या. क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, त्यामुळे आवृत्ती न देता नुसता क्रमांक दिला तर तो वाचणाऱ्याला उपयोगी पडत नाही.